मास्तरांचं उजवं कोपर

मास्तरांचं कोपर पहिल्यांदा दुखलं त्याला दोन वर्षं झाली, आणि ते दुखतंय हे मास्तरांनी कबूल केलं त्याला जेमतेम तीन महिने. मधला सगळा काळ हा माणूस कोपर दाराला आपटलं, झोपेत अंगाखाली आलं, हवा बदलली, असं काहीबाही सांगत राहिला. एकच कोपर रोज रात्री अंगाखाली कसं येतं, हे विचारायची सोय नव्हती. मास्तर नाकावर माशी बसू देणारे नव्हेत.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. चौकाच्या आतल्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान आहे. पुढच्या खोलीत कमरेच्या वर येणारं लांबलचक टेबल, त्याच्याशी उभं राहून मास्तर कापड कापतात. मागच्या खोलीत खिडकीशी मशीन, तिथे बसून त्यांची बायको शिवते. तिला गल्ली काकू म्हणते. दोन खोल्यांच्या मधे पडदा. चौतीस वर्षं ही वाटणी चालत आली. मास्तरांनी मशीनवर बसायचं नाही आणि काकूंनी मोठ्या कात्रीला हात लावायचा नाही. ती कात्री बारा इंची, चांगली जडशीळ. मास्तरांच्या मते ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेली की बिघडते.

कबुलीची वेळ आणली ती तिरपे साहेबांनी. साहेब बँकेतले, स्वभावाने सरळ, पण डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली. तयार कोट अंगात घातला की साहेब कुठेतरी घसरत चालल्यासारखे दिसतात. वीस वर्षं मास्तर त्यांचा कोट असा कापतात की बघणाऱ्याला साहेब अगदी ओळंब्यात दिसावेत. साहेब निवृत्त होणार होते. त्यांच्या बहिणीने परदेशातून लोकरीचं कापड आणलं होतं, मोजून एका कोटाचं, वर चिंधीसुद्धा उरणार नाही असं. ते टेबलावर ठेवून साहेब म्हणाले, "चौदा आठवड्यांनी समारंभ आहे. माझ्याविषयी चार शब्द बोलणार आहेत लोक. त्या वेळी तरी मी सरळ दिसलो पाहिजे."

"कापलंच समजा," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी साधा सुती शर्ट कापताना कोपरातून अशी कळ गेली की कात्री हातातून सुटली आणि पायापासून चार बोटांवर पडली. आवाज ऐकून काकू पडदा सारून आल्या. मास्तर पायाकडे बघत होते, काकू कोपराकडे. "उद्या डॉक्टर," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मास्तरांनी पहिल्यांदाच हवेला दोष दिला नाही.

डॉक्टरांनी कोपर दाबलं, मनगट वाकवायला लावलं आणि टेनिस एल्बो म्हणून सांगितलं. मास्तरांनी जन्मात टेनिसची रॅकेट धरली नव्हती. "कधी जाता खेळायला?" काकूंनी विचारलं. मास्तरांनी डॉक्टरांना म्हटलं की नाव बदलून देता येत असेल तर बघा. नाव बदलून मिळालं नाही. त्याऐवजी शॉकवेव्ह थेरपी लिहून मिळाली, आठवड्याला एक अशा चार वेळा.

आता शॉक म्हटल्यावर कुणीही तयारीनेच जाणार. मास्तर पहिल्या दिवशी रबरी चपला घालून गेले. अंगठी घरी, घड्याळ घरी, पँटची चेन धातूची म्हणून नाडीची विजार. थेरपी देणारी मुलगी त्यांच्या पुतणीच्या वयाची. तिने चपलांकडे पाहिलं, विजारीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, यात वीज नसते. दाबाच्या लाटा असतात. बाहेरून ठोके बसतात, आतल्या जुन्या दुखण्याला जाग येते आणि शरीर परत दुरुस्तीला लागतं."

मग तिने विचारलं, "शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे अजिबात सहन होत नाही. तुमचं किती?"

मास्तरांनी डोळे मिटले, कापडाचा पोत बघावा तसं कोपर चाचपलं. "सव्वासात. एखादं सूत इकडेतिकडे."

"सूत म्हणजे?"

"इंचाचा आठवा भाग."

"मी सात लिहू?"

"मग वरचा पाव कुठे गेला?" मास्तरांनी विचारलं. मुलीने निमूटपणे सव्वासात लिहिलं.

तिने कोपरावर थंडगार जेल चोपडलं, वर यंत्राचं धातूचं टोक टेकवलं, आणि टकटकटकटक सुरू झालं. आवाज थेट काकूंचं मशीन भरधाव सुटल्यावर येतो तसा. पहिल्या शंभर ठोक्यांत मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकूण किती?" त्यांनी दात आवळत विचारलं. "दोन हजार." मास्तरांनी थोडा वेळ सोसलं आणि म्हणाले, "टाका जरा मोठा करता येतो का? लवकर संपेल." मुलीचं हसणं संपेपर्यंत यंत्र थांबवावं लागलं, म्हणजे उलट वेळ वाढलाच.

निघताना तिने नियम सांगितले. दोन दिवस हाताला पूर्ण आराम. बर्फ लावायचा नाही. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. आज कदाचित छान वाटेल, उद्या-परवा दुखेल, दोन्हीवर विश्वास ठेवायचा नाही. खरा फरक कळायला आठवडे लागतात. "आणि कात्री?" मास्तरांनी विचारलं. "कात्री सहा आठवडे बंद. मग मी सांगेन तेवढीच."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांची मान डोलते त्याचा अर्थ फक्त एवढाच की त्यांना समोरच्याचं बोलणं संपायला हवं असतं. काकूंना हे माहीत होतं, त्या मुलीला नव्हतं.

संध्याकाळी कोपर एकदम गप्प. दुखणं कुणीतरी उचलून नेल्यासारखं. मास्तरांनी हात वाकवला, फिरवला, पाण्याचा तांब्या उचलला. काही नाही. झालं, मास्तरांच्या मनाने घेतलं की दोन हजार ठोक्यांत काम फत्ते झालं, बाकीचं सगळं त्या पोरीचं पुस्तकी. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू भाजी आणायला बाहेर पडल्या आणि या गृहस्थाने जाड कापडाच्या सहा पँटी दुहेरी घडीवर सपासप कापल्या. काकू परत आल्या तेव्हा मास्तर खुर्चीत पेपर वाचत बसलेले. पेपर मात्र उलटा नव्हता, तेवढी अक्कल शाबूत होती.

दुपारी चहाचा कप उचलवेना. मास्तरांनी डाव्या हाताने उचलला आणि अर्धा चहा स्वतःच्या छातीवर ओतला.

"डावा हात का?" काकूंनी विचारलं.

"बदल म्हणून."

पुढच्या वेळी मुलीने आकडा विचारला तेव्हा मास्तर भिंतीकडे बघून पुटपुटले, "पावणेनऊ." ती म्हणाली की दुखेल असं मी सांगितलं होतं, पण इतकं नाही, काय केलंत? "काही नाही. वाचत होतो." "वाचताना उजव्या बाहीला खडू लागतो का, काका?" मास्तरांनी बाहीकडे पाहिलं. निळ्या खडूचा पट्टा कोपरापर्यंत गेलेला, धुऊनही न निघालेला. मुलीने त्यांच्याशी वाद घातला नाही, सरळ काकूंना फोन लावला. त्या संध्याकाळपासून बारा इंची कात्री कपाटात आणि कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला.

पण दुकान तर चाललं पाहिजे. गिऱ्हाइकांची मापं घेतलेली, तारखा दिलेल्या. शेवटी असं ठरलं की मास्तरांनी सांगायचं आणि काकूंनी कापायचं. कात्री तेवढ्यापुरती बाहेर यायची आणि काम झालं की परत आत. मास्तरांना वाटलं, यात काय आहे, चौतीस वर्षं हातचा मळ असलेलं काम, बसल्या जागेवरून सांगू.

"इथून जरा आत ये," त्यांनी सुरुवात केली.

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे जरा. हाताला कळतं ते."

"तुमच्या हाताला कळतं. माझ्या हाताला आकडा सांगा."

मास्तर सांगायला गेले आणि त्यांचं घोडं तिथेच अडलं. आकडा त्यांना माहीतच नव्हता. खांद्याला किती उतार द्यायचा, पोट सुटलेल्याला किती जागा सोडायची, हे सगळं हात करत होता, डोक्याला त्याने कधी कळवलंच नव्हतं. ते उजवा हात हवेत उचलून वळण दाखवायला लागायचे आणि काकू कापडावरून नजर न हलवता म्हणायच्या, "हात खाली." मग मास्तर हनुवटीने वळण दाखवायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने हे दारातून पाहिलं आणि मास्तरांची मान आखडली का अशी काळजीने चौकशी केली.

तरी काकूंची कात्री सरळ चालली. मास्तर टेबलाच्या या टोकाला जाऊन एक डोळा मिटून बघायचे, त्या टोकाला जाऊन बघायचे. रेघेत खोट सापडेना. "खडू जाड वापरतेस," ते शेवटी म्हणाले. काकूंनी त्यांना कुरकुर करायला तेवढी जागा ठेवली. दहा-बारा दिवसांत काकूंना विचारायची गरजही उरली नाही, आणि मास्तरांना पुढच्या खोलीत करण्यासारखं काही राहिलं नाही. म्हणून एका दुपारी ते पडदा सारून मागे गेले आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते.

काकू जुना गठ्ठा शिवत होत्या, मास्तरांनीच कापलेला. त्यातच त्या चोरून कापलेल्या सहा पँटी. काकूंनी एका पायाचे दोन तुकडे जुळवले, मशीनच्या खणातून दोरे कापायची छोटी कात्री घेतली आणि कडेची एक बारीक पट्टी काढून टाकली. बघितलंही नाही तिच्याकडे. पट्टी मांडीवर पडली. दुसरे दोन तुकडे, दुसरी पट्टी. मास्तरांनी एक पट्टी उचलून टेप लावला. एका टोकाला काही नाही, दुसऱ्या टोकाला तीन सूत.

"हे काय कापतेस?"

"काही नाही. सवय."

"कधीपासूनची?"

काकूंनी मशीन थांबवलं. सुईत दोरा नीटच होता, तरी त्यांनी तो काढून परत ओवला. "कोपर दुखायला लागल्यापासूनची. तुमची कात्री शेवटी शेवटी खाली उतरते. दुखतं म्हणून घाईने संपवता ना."

"दोन वर्षं?"

"होतील एवढी."

"मग बोलली का नाहीस?"

"दुखणाऱ्या माणसाला काय बोलायचं," काकू म्हणाल्या आणि मशीन सुरू केलं.

आता ऐका, ही बाई काही मूग गिळून बसणाऱ्यातली नव्हे. लग्न झाल्यापासून पडद्यामागून हिचा आवाज यायचा. हा गळा कापलाय की विहीर खणलीय? या माणसाला दोन डाव्या बाह्या कशाला? मास्तर तणतणत तुकडा परत घ्यायचे आणि नीट करून द्यायचे. तो आवाज दोन वर्षांपासून बंद झाला होता, हे मास्तरांना आत्ता स्टुलावर बसल्यावर लक्षात आलं. बंद झाला तेव्हा त्यांनी काय समजूत करून घेतली होती? की आपला हात आता असा बसलाय की हिला बोलायला जागा उरली नाही. गिऱ्हाइकांना ते छाती काढून सांगायचे की दोन वर्षांत या दुकानातून गेलेला एक कपडा परत आलेला नाही.

मास्तरांना लाज वाटली. राग आला असता तर बरं झालं असतं, तो कसा करायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हात चुकला याचं दुःख होतंच, पण जी बाई जन्मभर तोंडावर सुनावत आली, तिने आपली कीव केली, हे त्यांना जास्त लागलं. ठोके खाताना आलं होतं तसंच पाणी डोळ्यांत आलं, आणि या वेळी यंत्राकडे बोट दाखवता येत नव्हतं. ते उठून पुढच्या खोलीत गेले आणि रिकाम्या टेबलाशी बराच वेळ उभे राहिले.

त्या दिवसापासून मास्तरांनी कानाला खडा लावला. चारही वेळा ठोके खाल्ले, आणि इतका आज्ञाधारक पेशंट त्या मुलीने पाहिला नसेल. तिने व्यायाम दिला होता. टेबलावर हात ठेवून मनगट कडेच्या बाहेर काढायचं, पाण्याने अर्धी भरलेली बाटली धरायची आणि ती हळूहळू खाली सोडायची. वर आणताना डाव्या हाताने मदत करायची. पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. मास्तर हे गिऱ्हाइकांसमोर करायचे. माप द्यायला आलेल्या माणसाला आधी बसवून पंधराही वेळा बघायला लावायचे आणि वर सांगायचे, "बरं होणं हे घाईचं काम नाही." त्यांनी हात मिळवणं सोडलं. दार डाव्या हाताने उघडू लागले. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायला पंधरा मिनिटं घ्यायचे. "आता घास भरवायचा तेवढा राहिलाय," काकू म्हणाल्या.

आकडा उतरत गेला. साडेसहा, पावणेपाच, सव्वातीन. सहा आठवडे उलटले तेव्हा दीड होता. मुलीने कोपर सगळीकडून दाबून पाहिलं आणि म्हणाली, "काका, छान भरून येतंय. आता रोज थोडं कापायला लागा. आधी पातळ कापड, दहा मिनिटं."

मास्तरांनी बाही खाली ओढली. मग म्हणाले, "आणखी दोन आठवडे घेऊ का? आपण शिवणीला जादा कापड सोडतो तसे?"

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दुखण्याची भीती वाटते?"

"दुखण्याची नाही," मास्तर म्हणाले. भीती रेघेची होती. हात दुखत नसताना रेघ उतरली तर मग दोष कशावर ठेवायचा? ते दोन आठवडे त्यांनी घेतलेच. मग मांजरपाटाच्या चिंध्यांवर दहा दहा मिनिटं कात्री चालवू लागले, तीही काकू बाहेर गेल्यावर, आणि कापलेलं सगळं लगेच गोळा करून पिशवीत कोंबायचे. काकूंना पिशवी सापडली होती. त्यांनी ती होती तिथे ठेवली.

बाराव्या आठवड्यात आकडा एक सूत झाला. मुलगी म्हणाली, "शून्य लिहू ना?" मास्तर म्हणाले, "एक सूत आहे म्हटलं ना." त्याच दिवशी तिरपे साहेबांचा निरोप आला की समारंभ जवळ आलाय, कोटाचं काय. काकूंनी लोकरीचं कापड फळीवरून काढलं, टेबलावर पसरलं आणि कमरेची किल्ली काढून वर ठेवली. "मी कापू की तुम्ही कापता?"

मास्तरांच्या तोंडात तूच काप एवढे शब्द तयार होते. खरंच होते. चिंधी नाही उरणार असं कापड, वाकडं गेलं तर साहेब समारंभात घसरणार, आणि ही पडद्यामागे छोट्या कात्रीने सगळं सांभाळून घेणार, एक अक्षर न बोलता. त्या शेवटच्या विचाराने त्यांचा हात किल्लीकडे गेला.

त्यांनी दोन सकाळी लावल्या. अर्धा तास कापायचं, मग हात टेबलावर ठेवून स्वस्थ बसायचं, मग पुन्हा अर्धा तास. कोपर कुरकुरलं नाही. डाव्या खांद्याला पाऊण इंच द्यायचा, तो हाताने विचारल्याशिवाय दिला. दर तुकडा पडद्याच्या फटीतून आत गेला की मास्तर कान देऊन उभे राहायचे. आत मशीन चालायचं, थांबायचं, परत चालायचं. छोटी कात्री चालते की नाही ते काही कळायचं नाही. विचारायचं धाडस होत नव्हतं, कारण विचारलं तर काकू नाहीच म्हणणार.

तिसऱ्या दिवशी साहेब पहिल्या ट्रायलला आले. बाह्या अजून लागायच्या होत्या, नुसतं कोटाचं अंग घालून ते आरशासमोर उभे राहिले. अगदी सरळ. साहेबांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि इतके खूश झाले की समारंभासाठी लिहिलेलं स्वतःचं भाषण म्हणून दाखवायला लागले. मास्तर हो हो करत होते, पण लक्ष सगळं पडद्याकडे. आत मशीन थांबलं होतं.

"अहो," आतून आवाज आला.

साहेबांचं भाषण अर्ध्यावर राहिलं.

"ही डावी बाही कापलीत की पाय नेतील तिकडे गेलात? टोकाला दोन सूत जास्त आहे. डोळे कुठे होते तुमचे?" आणि पडद्यावरून बाहीचा तुकडा येऊन टेबलावर पडला.

साहेब ओशाळले. "काकू रागावल्या वाटतं."

"रागावली," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र असा खुललेला की साहेब बघतच राहिले. मास्तरांनी तुकडा उलगडला, टेप लावला आणि पडद्याकडे तोंड करून ओरडले, "दोन कुठलं, दीडच आहे."

"दीड असो नाहीतर दोन. आता काही दुखत नाही तुमचं. नीट करून पाठवा."

"साहेब, पाच मिनिटं बसा," मास्तर म्हणाले. "माझ्या हातून चूक झालीय." चौतीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही हसत हसत.